करवतीची पाठराखीण

'करवत येताना कापते आणि जातानाही कापते' ही म्हण आपण दोन्ही बाजूंनी नुकसान करणाऱ्या माणसाबद्दल वापरतो. सुताराला ती पूर्णपणे पटणार नाही. बहुतेक करवतींचे दात एकाच दिशेला तोंड करून असतात. एका खेपेला करवत लाकूड कापते आणि दुसऱ्या खेपेला नुसती परत येते. दिवसभर करवत ओढणाऱ्या माणसाचे निम्मे चलनवलन असे रिकामे जाते. ही परतीची खेप वाचवावी कशी, या विचारातून गोल करवतीचा जन्म झाला. दात एका चकतीच्या कडेला बसवले, चकती फिरत ठेवली, की येणे-जाणे संपते; उरते ते केवळ कापणे.

आज ही चकती मेजाच्या फटीतून डोके वर काढून फिरते. आपल्या शहरांत तिला कोणी 'टेबल सॉ' म्हणतात, कोणी 'कटर मशीन', तर कोणी नुसतेच 'चक्री'. घरात फर्निचरचे काम निघाले की तिचा कर्कश आवाज आपल्या परिचयाचा होतो. तिच्या वेगाचा इतिहास तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत बराच आढळतो. प्रस्तुत लेखात मात्र तिच्या मागे उभ्या असणाऱ्या, किंवा असायला हव्या असणाऱ्या, एका लहानशा पोलादी पट्टीचा मागोवा घ्यावयाचा आहे. त्या पट्टीला आपल्या कारागिरांच्या बोलीत रुळलेले नाव नाही, आणि तिच्या अभावाचा त्याच्याशी काही संबंध असावा असे मला वाटते.

अरकसांचा काळ

यंत्र येण्यापूर्वी ओंडक्याच्या फळ्या पाडण्याचे काम अरकस करीत. ओंडका उंच घोडीवर किंवा खड्ड्यावर आडवा ठेवायचा, एकाने वर उभे राहायचे, दुसऱ्याने खाली, आणि लांब आरा वरखाली ओढायचा. खालच्या माणसाच्या डोळ्यांत दिवसभर भुसा पडे. वडोदऱ्यातील तांबेकरवाडा किंवा इंदुरच्या राजवाड्याचे लाकडी मजले (१९८४ च्या आगीत त्यांची मोठी हानी झाली) ज्या काळात उभे राहिले, तो काळ हातच्या आऱ्याचाच होता. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबातील कारागिरांनी मलबारी सागवानातून बांधलेले 'त्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे.

ज्या वाचकांची जुनी घरे अद्याप उभी आहेत, त्यांनी माळ्यावरच्या फळ्यांची रंधा न मारलेली बाजू एकदा कंदिलाच्या किंवा विजेरीच्या तिरप्या उजेडात पाहावी. वाकसाने तासलेल्या तुळईवर उथळ खवले दिसतात. हातच्या आऱ्याच्या खुणा सरळ, पण कमीअधिक अंतराच्या आणि किंचित तिरक्या असतात, कारण माणूस दमतो आणि हात हलतो. गोल करवतीने पाडलेल्या फळीवर मात्र धनुष्याकृती चाप उमटलेले असतात. जुन्या इमारतींचे अभ्यासक या खुणांवरून लाकूड कोणत्या युगातले आहे याचा अंदाज बांधतात. घराच्या एखाद्या दुरुस्तीत नवी फळी केव्हा बसली, हे दप्तरात सापडले नाही तरी फळीच्या पाठीवर लिहिलेले असते.

साउदम्प्टन ते पोर्टस्मथ

गोल करवत नेमकी कोणाच्या डोक्यातून निघाली, हे एका नावावर लिहून देता येत नाही. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या सॅम्युअल मिलर याने १७७७ मध्ये लाकूड कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात गोल करवतीचा उल्लेख आहे. पण तो इतका ओझरता आहे, की ही वस्तू त्या वेळी लोकांना आधीच ठाऊक असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. अमेरिकेत हा मान मॅसॅच्युसेट्समधील शेकर पंथाच्या टॅबिथा बॅबिट या स्त्रीला दिला जातो. दोन पुरुष करवत ओढताना पाहून तिला परतीची खेप वाया जाते हे जाणवले आणि १८१३ च्या सुमारास तिने चरख्याच्या चाकाच्या धर्तीवर गोल पाते सुचवले, अशी ती कथा आहे. कथा गोड आहे. पण तोवर इंग्लंडात ही करवत कित्येक वर्षे फिरत होती. दोन ठिकाणी दोन माणसांना एकच गोष्ट सुचणे अशक्य नाही, एवढेच म्हणून पुढे जावे.

या करवतीला मोठे काम दिले ते ब्रिटिश नौदलाने. शिडांचे दोर ज्या लाकडी कप्प्यांतून फिरतात, त्या कप्प्या नौदलाला दरवर्षी सुमारे एक लाख लागत. साउदम्प्टनचा वॉल्टर टेलर त्या पुरवीत असे आणि त्याच्या गिरणीत गोल करवती चालत. पुढे नौदलाच्या बांधकामांचा महानिरीक्षक सॅम्युअल बेंथम, अभियंता मार्क ब्रुनेल आणि यंत्रकार हेन्री मॉडस्ली या तिघांच्या प्रयत्नांतून पोर्टस्मथच्या गोदीत १८०२ ते १८०६ या काळात कप्प्यांचा कारखाना उभा राहिला. १८०८ मध्ये तेथे १,३०,००० कप्प्या तयार झाल्या. पूर्वी ११० कुशल कारागीर करीत ते काम आता दहा सामान्य मजूर करू लागले, असे त्याचे वर्णन केले जाते.

या वाक्यात यंत्रयुगाचे कौतुक आहे, तसाच एक धोकाही दडलेला आहे. कुशल कारागिराच्या जागी सामान्य मजूर आला, म्हणजे लाकूड कसे वागते हे जन्मभर पाहिलेला माणूस गेला आणि ते न पाहिलेला माणूस मिनिटाला शेकडो फेरे घेणाऱ्या पात्यासमोर उभा राहिला. कौशल्य यंत्रात गेले. सावधपणा मात्र कोठेच गेला नाही, तो वाटेत सांडला. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे तो पुन्हा गोळा करण्यात गेली.

पाते काय करते

हा सावधपणा कशासाठी, हे समजण्यासाठी मेजावरच्या करवतीची रचना पाहिली पाहिजे. पाते आपल्या समोरच्या अंगाला वरून खाली फिरते. त्यामुळे लाकूड पात्याजवळ आले की ते मेजावर दाबले जाते, आणि पाहणाऱ्याला यंत्र मोठे आज्ञाधारक वाटते. पण तेच पाते पलीकडच्या अंगाला खालून वर येत असते. तेथील दात लाकूड कापण्यासाठी नसतातच. लाकूड तोवर कापून झालेले असते. त्या मागच्या दातांना लाकडाचा स्पर्श झाला, की ते लाकूड उचलतात आणि कापणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. इंग्रजीत याला 'किकबॅक' म्हणतात. आपण त्याला लाकडाची उसळी म्हणू.

स्पर्श होतो कशामुळे? झाड वाढताना त्याच्या अंगात ताण साठलेले असतात. फळी उभी चिरली, की ते मोकळे होतात आणि चिरलेल्या दोन भागांपैकी एखादा आत वळतो. मागची चीर मिटते आणि पात्याला चिमटा बसतो. नीट न वाळलेल्या लाकडात हे विशेष घडते. प्लायवुडला असा ताण नसतो. पण त्याचा तुकडा थोडासा जरी तिरपा झाला तरी त्याचा कोपरा मागच्या दातांवर चढतो. दहा इंची पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. या वेगाने निघालेला तुकडा माणसाच्या पोटात बसतोच. त्याहून वाईट म्हणजे, लाकूड हातातून अकस्मात निसटल्यावर ते ढकलणारा हात त्याच जोराने पात्यावर जातो. बोटे तुटतात ती पुष्कळदा अशी. माणूस बेसावध असतो म्हणून नव्हे. डोळ्याचे पाते लवायच्या आत सारे घडते म्हणून.

यावरचा उपाय आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. पात्याच्या लगेच मागे, त्याच रेषेत, एक उभी पोलादी पट्टी बसवायची. ती पात्याच्या अंगापेक्षा किंचित जाड आणि दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा किंचित पातळ हवी. लाकूड पुढे सरकले की पट्टी चिरेत शिरते आणि चीर मिटू देत नाही. तुकडा तिरपा होऊ लागला तर तो दातांवर न जाता पट्टीवर अडतो. पट्टीला फिरणारा भाग नाही, वीज लागत नाही, तेल लागत नाही. इंग्रजीत तिला 'रायव्हिंग नाइफ' असे नाव आहे. नाव सुरीचे असले तरी तिला धार नसते.

बोटांचा हिशेब

ही पट्टी कायद्यात येण्यास फार काळ लागला. ब्रिटनमध्ये १८४४ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील यंत्रांभोवती कुंपण घालण्याची सक्ती झाली. हिंदुस्थानात १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने धोकादायक यंत्रांना आडोसा करण्याची तरतूद केली. पण तो कायदा यंत्रशक्ती वापरणाऱ्या आणि किमान शंभर माणसे कामाला ठेवणाऱ्या कारखान्यांपुरता होता. अंदमानात १८८३ मध्ये सुरू झालेल्या चॅथमच्या लाकूड-गिरणीसारख्या थोड्या जागा सोडल्या, तर लाकडाचा धंदा वखारींत आणि लहान सुतारशाळांतच चाले.

यंत्राने जायबंदी झालेल्या माणसाचे पुढे काय, हा प्रश्न मराठी माणसाने फार लवकर विचारला, याची नोंद येथे केली पाहिजे. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि पाच हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन सरकारी आयोगापुढे ठेवले. आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती या मागण्यांबरोबर त्यात एक मागणी अशी होती: काम करताना गंभीर इजा झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला तो १९२३ मध्ये आणि अमलात आला १ जुलै १९२४ पासून. मागणी आणि कायदा यांत चाळीस वर्षांचे अंतर पडले. लोखंडे १८९७ मध्येच निवर्तले होते.

या कायद्याच्या परिशिष्टात शरीराच्या अवयवांची एक यादी आहे. कोणता अवयव गेल्यास माणसाची कमावण्याची शक्ती शेकडा किती घटली असे धरावे, याचे ते कोष्टक होय. त्याच्या नंतरच्या सुधारित रूपात अंगठ्यासाठी ३०, तर्जनीसाठी १४, मधल्या बोटासाठी १२, आणि अनामिका किंवा करंगळीसाठी ७ असे आकडे आहेत. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. न्यायालयाला काहीतरी मोजमाप हवे असते, त्यामुळे असे कोष्टक अपरिहार्य आहे. तरीही ते वाचताना मन थबकते. सतारवादकाची करंगळी आणि सुताराचा अंगठा या कोष्टकात केवळ आकडे होतात.

भरपाई ही इजा झाल्यानंतरची गोष्ट. इजा होऊच नये म्हणून करावयाचा नियम ब्रिटनमध्ये १९२२ साली लाकूडकामाच्या यंत्रांसाठी स्वतंत्रपणे झाला. गोल करवतीमागे पट्टी हवी, पात्यावर झाकण हवे, मेजाखालचे पातेही दोन्ही बाजूंनी झाकलेले हवे, आणि लाकूड ढकलण्यासाठी काठी हाताशी हवी, हे सारे त्यात आले. स्वतंत्र भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याखाली राज्यांनी जे नियम केले, त्यांत याच कलमांचा वारसा स्पष्ट दिसतो. द्विभाषिक मुंबई राज्य १९६० मध्ये विभागले गेल्यावर महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांनी १९६३ मध्ये आपापले कारखाना नियम केले. त्यांतील लाकूडकामाच्या यंत्रांचे परिशिष्ट वाचनीय आहे. पट्टीची पुढची कड पात्याच्या गोलाईला धरून असावी. मेजाच्या पातळीवर पट्टी आणि दात यांत १० मिलिमीटरपेक्षा अधिक अंतर नसावे. ६०० मिलिमीटरपेक्षा लहान पात्याच्या बाबतीत पट्टीचा माथा पात्याच्या माथ्याखाली २५ मिलिमीटरच्या आत पोचावा. आणि यंत्रावर काम करणारा माणूस शिकवून तयार केलेला असावा, नाहीतर जाणकाराच्या देखरेखीखाली असावा. पोर्टस्मथला जो सावधपणा सांडला होता, तो असा शंभरावर वर्षांनी मिलिमीटरच्या भाषेत परत लिहिला गेला. यातील प्रत्येक आकड्यामागे कोणाचे तरी बोट आहे.

करवत घरी आली

दरम्यान करवत लहान होत गेली. जर्मनीत विल्हेल्म अल्टेंडॉर्फ याने १९०६ मध्ये आपला व्यवसाय सुरू केला. लाकडाचा मोठा तक्ता सरकत्या मेजावर ठेवून पात्याजवळून न्यावयाची जी पद्धत आज मोठ्या फर्निचर कारखान्यांत दिसते, ती त्याच्या नावाशी जोडलेली आहे. अमेरिकेत 'डेल्टा' कंपनीने १९३९ मध्ये 'युनिसॉ' नावाचे दहा इंची यंत्र काढले. त्यात मेज स्थिर ठेवून पातेच तिरपे करता येई. महायुद्धानंतर तेथे अशी यंत्रे घरोघरच्या हौशी सुतारांकडे पोचली. त्यांच्यासोबत येणारी पट्टी आणि झाकण काढून ठेवण्याची सवयही तशीच पसरली, कारण त्यांची जुनी रचना गैरसोयीची होती: अर्धवट खाच पाडायची झाली की ती उतरवावी लागे, आणि उतरवलेली वस्तू पुन्हा चढत नसे. पात्याबरोबर वरखाली होणारी, एरवी न काढावी लागणारी पट्टी तेथील नव्या यंत्रांना सक्तीची झाली ती एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस.

त्याच सुमारास स्टीफन गॅस या अमेरिकी पेटंट-वकिलाने, जो पदार्थविज्ञानाचा पदवीधरही होता, एक निराळाच मार्ग काढला. पात्यातून सूक्ष्म विद्युत्संकेत वाहता ठेवायचा. माणसाच्या शरीरातून वीज वाहते, कोरड्या लाकडातून ती जवळपास वाहत नाही. बोट लागताच संकेत बदलतो, ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि सुमारे पाच मिलिसेकंदांत पाते थांबते. बोटाला ओरखडा येतो, बोट वाचते. प्रस्थापित कंपन्यांनी ही युक्ती स्वीकारली नाही, तेव्हा गॅसने 'सॉस्टॉप' या नावाने स्वतःच यंत्रे विकण्यास २००४ मध्ये सुरुवात केली. अमेरिकेत अशा करवतींनी होणाऱ्या जखमांची संख्या वर्षाला सुमारे तीस हजार धरली जाते. तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१७ मध्ये अशी यंत्रणा सक्तीची करण्याचा प्रस्ताव मांडला आणि किमतीवरून मोठा वाद झाला. लक्षात घेण्याजोगे एवढेच, की स्पर्शाने थांबणाऱ्या या महागड्या यंत्रातही ती जुनी मागची पट्टी आहेच. बोट लागल्यावर काय करावे हे यंत्रणेला कळते; लाकूड उसळू नये याची तजवीज पट्टीच करते.

आपल्या गल्लीतील करवत

आता आपल्याकडे वळू. आज आपल्या शहरांत घरी फर्निचर करण्यास येणारा कारागीर पुष्कळदा स्वतःचे मेज स्वतःच बनवतो. प्लायवुडच्या तक्त्याला फट पाडून त्याखाली फरशी कापण्याचा चार इंची कटर उलटा टांगायचा, त्याला लाकडाचे पाते लावायचे, बटण चालू स्थितीत बांधून टाकायचे, की झाली करवत. या कल्पकतेचे कौतुक वाटते; पण हा कटर मिनिटाला बारा हजारांच्या घरात फेरे घेतो, म्हणजे पात्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर होतो. त्याला मागची पट्टी नाही, झाकण नाही, आणि वेळ आली तर थांबवण्यासाठी मेजाखाली हात घालावा लागतो. दहा इंची यंत्रापेक्षा ते लहान दिसते म्हणून कमी भीती वाटते, हाच त्याचा मोठा दोष.

येथे कायदा कामास येत नाही. कारखाना म्हणून गणले जाण्यासाठी १८८१ मध्ये शंभर माणसे लागत, १८९१ मध्ये पन्नास, १९३४ मध्ये वीस आणि १९४८ मध्ये, यंत्रशक्ती असल्यास, दहा. हा आकडा सत्तर वर्षे उतरत गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा घेणारी व्यवसायजन्य सुरक्षेची संहिता अमलात आली, तीत तो पुन्हा वीसवर गेला आहे. दोघातिघांनी चालणाऱ्या सुतारशाळेपर्यंत तो कधी पोचलाच नव्हता. तेथे निरीक्षक येत नाही. तेथे जाते ते फक्त ज्ञान, आणि तेही कोणी नेले तर.

म्हणून त्या नियमांचे सार साध्या शब्दांत येथे देतो. काम घरी चालले असेल तेव्हा कारागिराशी बोलण्यास ते उपयोगी पडेल. ज्यांची मुले-नातवंडे हौसेने असे यंत्र घेत आहेत, त्यांनाही.

यंत्र मांडताना पहिली गोष्ट समांतरतेची. लाकूड ज्या उभ्या आधारपट्टीला टेकवून सरकवतात, ती पात्याला समांतर हवी. वीज तोडून पात्याच्या एका दातावर खूण करावी, तो दात पुढे असताना आधारपट्टीपर्यंतचे अंतर मोजावे, मग पाते हाताने फिरवून तोच दात मागे न्यावा आणि पुन्हा मोजावे. मागे अंतर कमी भरले, तर लाकूड मागच्या दातांवर दाबले जाणार हे निश्चित. दुसरी गोष्ट मागच्या पट्टीची: ती पात्याच्या अगदी रेषेत आहे ना, हे सरळ कडेची मोजपट्टी लावून पाहावे. पाते मेजाशी काटकोनात आहे की नाही हे गुण्याने तपासावे. पात्याची उंची लाकडाच्या जाडीपेक्षा दाताएवढीच अधिक ठेवावी.

कापताना पात्याच्या रेषेत उभे राहू नये, एका बाजूला राहावे. लाकूड आधारपट्टीला किंवा आडवे कापण्याच्या सरकत्या आधाराला टेकलेलेच असावे. नुसत्या हातावर धरून कधीही कापू नये, आणि तुकडा पाडताना हे दोन्ही आधार एकाच वेळी वापरू नयेत, कारण सुटा तुकडा मध्ये अडकतो. अरुंद पट्टी चिरताना ढकलण्याची काठी वापरावी. ती दोन रुपयांच्या लाकडाची असते आणि कापली गेली तर दुसरी करता येते. हातमोजे, सैल बाह्या, उपरणे, हातातले कडे, गळ्यातली लांब माळ ही फिरत्या पात्यापाशी शत्रू समजावीत. डोळ्यांवर चष्मा असावा. पडलेला तुकडा पाते पूर्ण थांबल्यावाचून उचलू नये, आणि पाते बदलताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा.

नावाचा प्रश्न

शेवटी आपल्या मंडळाच्या विषयाकडे, म्हणजे भाषेकडे, येतो. वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापन केले आणि त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे सोपवली. सुरतेच्या सुतार घराण्यात जन्मलेल्या या रसायनशास्त्रज्ञाचा आग्रह होता की, धंद्याचे शिक्षण देशी भाषांत दिले गेले पाहिजे. त्यासाठी मराठी आणि गुजराती ग्रंथ व परिभाषा तयार करण्याचे काम त्या काळी हाती घेण्यात आले. इंग्रजीचा द्वेष हे त्यामागचे कारण नव्हते. शिकणाऱ्याच्या जिभेवर जो शब्द येत नाही, ती वस्तू त्याच्या हातातही टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

रंधा, पटाशी, वाकस, गुण्या, गिरमिट ही नावे आपल्या सुताराकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पटाशी हरवली तर तो दिवसभर शोधतो. करवतीच्या मागच्या पट्टीला मात्र त्याच्याकडे नाव नाही, म्हणून ती नाही हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. ज्याला नाव नाही त्याची उणीव भासत नाही.

या पट्टीला आपण 'पाठराखीण' म्हणावे, अशी माझी सूचना आहे. नवी नवरी प्रथम सासरी जाताना तिच्यासोबत घरची एखादी जाणती बाई पाठवण्याची रीत आपल्या जुन्या घरांना माहीत आहे. ती स्वतः पुढे येत नसे, बोलत नसे. पण नवख्या घरात मुलीची पाठ सांभाळून असे. ही पट्टीही पात्याच्या पाठीमागे तशीच उभी असते, काही कापत नाही, आणि सारे काही नीट पार पडले तर तिची कोणाला आठवणही होत नाही.

खंडेनवमीला आपल्याकडे कारागीर आपली हत्यारे धुऊनपुसून मांडतो, त्यांना हळदकुंकू वाहतो आणि त्या दिवशी यंत्र बंद ठेवतो. मेजावरच्या करवतीलाही त्या दिवशी झेंडूचे फूल मिळते. त्या वेळी प्लग काढलेलाच असतो, पाते स्थिर असते. फूल वाहण्यापूर्वी पात्याच्या मागे पाठराखीण आहे की नाही, एवढे पाहण्यास त्याहून चांगला मुहूर्त नाही.